जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: वाचकांचे प्रश्न

कार्बोरेटरवाल्या जोरदार गाड्या सांभाळणाऱ्यांची या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून ती एकत्र घेतो.

माझी काँटेसा क्लासिक 1.8 सपाटीला झकास पळते. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो की पुन्हा चालू व्हायला नाटकं करते. गार झाली की आपोआप सुरू. मेकॅनिक म्हणतो इलेक्ट्रिक पंप टाका. टाकू का? (कोल्हापूर)

टाका, पण आधी दोष पेट्रोलचाच आहे याची खात्री करा. अशीच नाटकं गरम झालेली इग्निशन कॉइलही करते. पुढच्या वेळी गाडी रुसली की एअर फिल्टरचं झाकण काढा आणि इंजिन बंद ठेवूनच कार्बोरेटरच्या गळ्यात बघत थ्रॉटलची कळ हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर बाउल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरलेला आहे. मग कॉइल आणि कंडेन्सरकडे वळा. धार आली नाही तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज झाला तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय, आणि ते मोकळं करायला टाचणी पुरते.

तिसरी शक्यता उलटी आहे. इंजिन बंद केल्यावर खालच्या उष्णतेने बाउलमधलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्यांत, सांडतं. पेट्रोलचा भपकारा येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला की गाडी उचलते. यावर पंप हे औषधच नाही. कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटचा स्पेसर टाका.

एवढं सगळं तपासून पेट्रोलच पोचत नाही असं ठरलं, तर तो व्हेपर लॉक. इंजिनवरचा मूळ पंप पार मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळण्याचं तापमान उतरतं. पेट्रोलमधले हलके घटक साध्या हवेच्या दाबालाही 35-40 अंशांपासून उडायला लागतात. पंपात वाफ भरली की पेट्रोल ढकलणारा लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ती वाफच हलवत बसतो. घाटात पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी पद्धत याचसाठी. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला की पेट्रोल ढकललं जातं, पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि वाफ धरायला वाव उरत नाही.

किती मोठा पंप? ताशी दर हॉर्सपॉवरला साधारण अर्धा पौंड पेट्रोल हा कामचलाऊ हिशोब. 90 हॉर्सपॉवरला तो 27-28 लिटर होतो. बसवल्यावर कार्बोरेटरकडची नळी काढून कॅनमध्ये सोडा, इंजिन थंड आणि आसपास ठिणगी नसताना. मिनिटाला एक लिटर पडलं तर तुमच्या इंजिनाच्या भुकेच्या दुप्पट झालं. त्याहून मोठा पंप घेण्यात पैसे घालू नका.

पद्मिनीला ट्विन चोक वेबर कार्बोरेटर बसवला आहे. मेकॅनिकने एका एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीचा पंप आणून बॉनेटखाली, बॅटरीशेजारी लावला. आता प्लग काळे पडतात आणि पेट्रोलचा वास जात नाही. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बारीक करू का? (पुणे)

जेटला हात लावू नका, आणि हा पंप निघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. इंजेक्शनच्या पंपाचा दाब साधारण 3 बार, म्हणजे 43 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास. वेबरला हवा 3 ते साडेतीन पीएसआय. बाउल भरला की पेट्रोल अडवणारी फ्लोटची इवलीशी नीडल एवढ्या दाबापुढे टिकत नाही; ती उचलली जाते, बाउल भरून वाहतो आणि ते पेट्रोल गरम एक्झॉस्टच्या वर सांडत राहतं. गाड्या जळतात त्या अशाच.

मधे रेग्युलेटर टाकू, असं मेकॅनिक म्हणेल. कार्बोरेटरसाठी मिळणारे साधे रेग्युलेटर एवढा दाब उतरवायला बनवलेले नसतात. मुळातच कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठीचा पंप घ्या. रेग्युलेटर लावलात तरी नळीत एकदा दाबाचा काटा जोडून आकडा डोळ्यांनी बघा. रेग्युलेटरच्या चकतीवर छापलेल्या आकड्यांवर माझा तरी विश्वास नाही.

जागाही चुकली आहे. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. मागे टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा थोडा खाली, सायलेन्सरपासून लांब आणि दगड लागणार नाही असा बसवा. पंपाच्या आधी जाडसर जाळीचा फिल्टर, बारीक फिल्टर पंपानंतर. बारीक फिल्टर आधी लावला की पंपाला पुन्हा ओढावं लागतं, आणि मग इतका खटाटोप कशासाठी केला?

मूळ मेकॅनिकल पंप लाईनमध्ये तसाच ठेवला तर? रस्त्यात इलेक्ट्रिक बंद पडला तर तो कामी येईल. (नाशिक)

मोहात पाडणारी कल्पना आहे, पण नको. जुन्या पंपाचा डायफ्रॅम कधीतरी फाटणारच. एरवी फाटला तर गाडी बंद पडते, थोडं पेट्रोल गळतं. मागून इलेक्ट्रिक पंप रेटत असेल तर तेच पेट्रोल फाटक्या डायफ्रॅममधून थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जातं. इंजिन ऑइल पातळ होतं, बेअरिंग खलास होतात, आणि हे सगळं गुपचूप. शंका असेल तर आजच डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी चालू न करता ऑइल बदला.

जुना पंप काढून ब्लॉकवरचं भोक गॅस्केटसह पट्टीने बंद करा. पंप ढकलायला मधे वेगळी दांडी असेल, उदाहरणार्थ शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 मध्ये, तर तीही बाहेर काढा. काढलेला पंप डिकीत ठेवा, सुटा.

डॅशबोर्डवर एक स्विच दिला की झालं ना? वायरमनने रिले वगैरेचा खर्च सांगितला आहे. (ठाणे)

झालं नाही. या अंकातल्या सगळ्या उत्तरांत मला हेच उत्तर महत्त्वाचं वाटतं.

मेकॅनिकल पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला इंजिन चालू आहे की गाडी उलटून पडली आहे याचा पत्ता नसतो. अपघातात नळी तुटली, तुम्ही बेशुद्ध, चावी चालूच, तर तो शांतपणे टाकी रिकामी करत राहतो. डॅशबोर्डवरचा स्विच त्या क्षणी कोण बंद करणार? तो चोराला अडवायला ठीक आहे.

जोडणी अशी करा. बॅटरीपासून फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) 30 नंबरला. 87 वरून पंपाला. 85 अर्थला. 86 ला जो करंट जाईल तो इग्निशनवरून, पण ऑइल प्रेशर स्विचमधून. ऑइलचा दाब गेला, म्हणजे इंजिन थांबलं, की पंप बंद. इथे मीटरच्या लाल दिव्याचा साधा स्विच चालत नाही, कारण तो दाब नसताना जोडलेला असतो. दाब आल्यावर जोडला जाणारा वेगळा स्विच मागा.

मग स्टार्ट करताना दाब नसतो त्याचं काय? स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडून तो गुंतवणारा भाग) चावीकडच्या वायरवरून 86 ला दुसरी वायर आणा, म्हणजे स्टार्टर फिरतोय तोवर पंप चालेल. या वायरमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड हवाच. तो विसरलात तर इंजिन चालू झाल्यावर करंट उलटा सोलेनॉइडकडे जाईल आणि धावत्या इंजिनावर स्टार्टर पुन्हा गुंतेल. तो आवाज एकदा ऐकला की माणूस डायोड विसरत नाही. एवढं वायरिंग नको असेल तर इग्निशनचे ठोके मोजून, ते थांबताच पंप तोडणारे रिले तयार मिळतात.

जोडीला धक्का बसताच तुटणारा इनर्शिया स्विच लावा. फोर्डच्या इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत तो कंपनीकडूनच असे, त्यामुळे भंगार बाजारात मिळून जातो. पंपाची अर्थ वायर गंजलेल्या बोल्टला नको, पत्रा घासून स्वच्छ केलेल्या जागी द्या. शेवटी इंजिन चालू असताना ऑइल स्विचची वायर उपटा. पंप थांबला तर काम पूर्ण. नाही थांबला तर वायरमनला पैसे देऊ नका.

1967ची मस्टँग आहे, 289 इंजिन, चार बॅरलचा कार्बोरेटर. एप्रिलच्या उकाड्यात सिग्नलला बंद पडते. इलेक्ट्रिक पंप की सरळ इंजेक्शन? (फिनिक्स, अ‍ॅरिझोना)

अमेरिकेत थंडीतलं पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात. ते टाकीत शिल्लक असताना अचानक ऊन तापलं की असं होतं. म्हणून आधी टाकी रिकामी होऊ द्या आणि ताजं भरून बघा. कार्बोरेटरवरच राहणार असाल तर 6-7 पीएसआयचा पंप मागे आणि टाकीकडे परत जाणारी नळी. सिग्नलला इंजिन पेट्रोल कमी पितं; परतीची नळी असली की पेट्रोल बॉनेटखाली शिजत न बसता फिरतं राहतं.

थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला मात्र 58 पीएसआयच्या आसपास लागतात, आणि तो पंप टाकीच्या आतच शोभतो: पेट्रोलमध्ये बुडलेला पंप गारही राहतो आणि गप्पही. तुमच्या मस्टँगची टाकी डिकीच्या तळाचाच भाग आहे, त्यामुळे ती वरून उचलून बदलणं सोपं आहे. कार्बोरेटरच्या दिवसांतल्या रबरी नळ्या त्या दाबावर एक दिवसही ठेवू नका.

ई-20 पेट्रोलमुळे (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पंप खराब होतो का? (सातारा)

पंपाआधी नळ्या जातात. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, आतून सोलतं. आर-9 छापलेल्या नळ्या टाका, मीटरच्या मापाने कापून मिळणारी साधी काळी नळी नको. टाकीतला जुना चिकटाही सुटतो, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वरचेवर बघा. ई-20 मध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी, त्यामुळे पेट्रोल तेवढं जास्त लागतं. पंपाला ते जड नाही. जेट कदाचित एक घर वाढवावा लागेल.

नवा पंप सतत टकटक करतो. रबरावर बसवूनही आवाज येतो. (फोंडा, गोवा)

प्लंजरचा पंप टकटकणारच, पण ती टकटक ऐकायला शिका. इंजिन न लावता पंपाला थेट करंट द्या. सुरुवातीला भराभर वाजेल, बाउल भरला की मंदावेल. मंदावतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी जातंय: नीडल नीट बसत नाही किंवा नळी गळते. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच वेग वाढत असेल तर पंप हवा ओढतोय. टाकी आणि पंप यांच्यामधली प्रत्येक क्लिप आवळा, आणि तरीही वाढला तर टाकीतल्या पिकअप पाइपला वर कुठे गंजून भोक पडलंय का ते बघा.