वाचक विचारतात : कपाटाची साल निघायलीय, काय करू?

प्रश्न : दादा, मुलीच्या अभ्यासासाठी ऑनलाइन कपाट अन् टेबल मागवलं होतं, खोक्यात सुट्या फळ्या येतात अन् आपणच स्क्रू मारून जोडायचं, तसलं. उन्हाळाभर शेजारी कूलर चालू होता. आता टेबलावर मधोमध फुगा आलाय, पुढच्या कडेची पट्टी निघायलीय, अन् कपाट खालून चार बोटं फुगलंय. मिस्त्री म्हणतो सगळ्यावर सनमायका मारून घ्या. मारावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, मिस्त्रीला जरा थांबवा. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यातली दोन घरीच बरी होतील, तिसऱ्यावर सनमायकाच काय पण काहीही लावलं तरी पैसे वाया.

आधी कूलर तिथून हलवा. हे फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा (कधी कधी तर आपल्याकडच्या उसाचं चिपाडसुद्धा) रेझिनमध्ये (चिकट रसायनात) मिसळून दाबलेला. वरून साल चिकटवलेली असल्यामुळं दिसायला सागवान, पण जिथं बोर्ड उघडं राहतं तिथून, म्हणजे खालची कड, स्क्रूची भोकं, मागची बाजू, तिथून ते पाणी पितं अन् चहात पडलेल्या बिस्किटासारखं फुगतं, अन् वाळलं तरी पुन्हा पहिल्यासारखं होत नाही कारण आतली चिकट पकडच सुटलेली असते. कूलरची ओली हवा हे एक, अन् दुसरं म्हणजे आपली शहाबादी फरशीवर बादलीभर पाणी ओतून झाडू मारायची सवय. कंपनीला शिव्या घालण्याआधी हे बघून घ्या.

आता साल कशाची आहे ते तपासा. सुटलेल्या कडेचा बारीक तुकडा फाडून बघा, कागदासारखा वाटेल तसा फाटला तर तो छापील कागद, अन् रेषेरेषेनं लाकडासारखा चिरला तर खरं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप. स्वस्तातल्या मालात दहातले नऊ वेळा कागदच निघतो असं माझं मत, हवं तर टेबलावर नीट बघा, तीच गाठ दोन ठिकाणी डिट्टो दिसली म्हणजे छपाईच. कागद असला तर सँडपेपर अजिबात लावू नका, दोन हात मारले की डिझाइन गायब अन् खालचं तपकिरी बोर्ड वर.

मधला फुगा : आधी बोर्ड नीट वाळू द्या, पंख्याखाली चार-पाच दिवस, कडक उन्हात नाही, एकाच बाजूनं ऊन लागलं की फळी वाकते. मग नव्या कटर ब्लेडनं रेषेच्या दिशेनंच एक चीर द्या, आडवी दिली तर जन्मभर दिसेल. मेडिकलमधून सिरिंज आणा अन् पांढरा फेविकॉल, जरासं पाणी घालून पातळ केलेला, चिरेतून दोन्ही बाजूंना आत सोडा, बोटानं दाबून पसरवा अन् बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्या कारण वाळल्यावर त्याचा चकचकीत डाग राहतो. वर प्लॅस्टिकची पिशवी (नाहीतर वजनच चिकटून बसेल), त्यावर सपाट फळी अन् फळीवर तांदळाचा डबा, नुसतं रात्रभर नाही, चांगले चोवीस तास. पिशवी काढल्यावर चीर दिसलीच तर फर्निचरच्या रंगाचा मेणाचा खडू घासून टाका.

कडेची पट्टी : ही कारखान्यात गरम करून वितळणाऱ्या गोंदानं लावलेली असते, म्हणून मागचा गोंद अजून शाबूत असेल तर इस्त्रीनं पुन्हा बसते. वाफ बंद, इस्त्री मध्यम, पट्टीवर सुती कापड किंवा बटर पेपर, सात-आठ सेकंद फिरवायची अन् लगेच लाकडाच्या ठोकळ्यानं दाबून थंड होईपर्यंत सोडायचं नाही, इथंच लोक घाई करतात. पट्टी प्लॅस्टिकची असेल तर इस्त्री अगदी कमीवर ठेवा, जास्त तापली की ती आखडते. अन् गोंदात धूळ बसली असेल तर इस्त्रीचा उपयोग नाही, तो खरवडून काढा अन् तो सनमायकाला लावतात तो रबरी फेविकॉल घ्या. तो पट्टीला अन् बोर्डला दोन्हीकडं पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं अन् मग एकदाच बरोबर जागेवर टेकवायचं, परत सरकवता येत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमधे तो लई लवकर सुकतो म्हणून सकाळीच काम उरका. खिडकी उघडी ठेवा अन् जवळ गॅस, उदबत्ती काही नको, त्याची वाफ पेट घेते.

राहिलं खालचं फुगलेलं. ते चिकटवायचं, दाबायचं, पुट्टी भरायची काही नाही. कपाट रिकामं करून आडवं करा अन् मिस्त्रीला तेवढंच काम सांगा, फुगलेली पट्टी सगळीकडून सारख्या मापात करवतीनं कापून काढायची, कापलेल्या कडेला फेविकॉलचा किंवा तेलकट प्रायमरचा हात मारून ती बंद करायची अन् खाली प्लॅस्टिकचे पाय लावायचे म्हणजे फरशीचं पाणी लागणार नाही. फक्त खालचा कप्पा ज्या स्क्रूवर बसलाय त्याच्या जवळ करवत जात असेल तर कापायच्या आधी विचार करा. कापताना तोंडाला मास्क, त्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा रेझिन असतो.

सनमायकाचं म्हणाल तर नको. ती कागदाच्या सालीवर चिकटते, बोर्डला नाही, म्हणजे कागद सुटला की सनमायकासकट सुटतो. मिस्त्रीनं साल घासून काढूनच लावली तरी एकाच बाजूला लावलेली पातळ फळी पुढं वाकते, दोन्ही बाजूंना लावा तर वजन वाढतं अन् त्या बारक्या स्क्रूंना ते पेलत नाही. आठ बाय चार फुटाची शीट, गोंद अन् मजुरी धरून हिशोब करा, कपाटाच्या किमतीजवळ जातो का नाही ते.

प्रश्न : टीव्ही युनिटचा कोपरा उखडलाय, फेविक्विक चालेल का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : नखाएवढा कपचा उडाला असेल अन् तो तुकडा जागच्या जागी घट्ट बसत असेल तर चालेल. त्याहून मोठं असेल तर नको, ते सेकंदात धरतं त्यामुळं सरळ करायला वेळ मिळत नाही, पोकळी भरत नाही, वाळल्यावर ठिसूळ होतं अन् आजूबाजूला पांढुरकी झाक येते ती वेगळीच. कोपराच गेला असेल तर एम-सील (दोन गोळे एकत्र मळून लावायची पुट्टी) भरा, आकार द्या, वाळल्यावर घासा अन् रंगवा.

प्रश्न : किचन ट्रॉलीच्या दाराचं वरचं प्लॅस्टिक शेगडीच्या बाजूनं सोलून निघायलंय. परत चिकटवू का? (एक वाचक, जालना)

उत्तर : निघालंय ते उष्णतेनंच अन् शेगडी तिथंच राहणार, म्हणून चिकटवू नका. उलट दार उतरवून, हेअर ड्रायरनं गरम करत करत ते पीव्हीसी सगळंच काढून टाका, एका कोपऱ्यातून सावकाश ओढलं की अखंड निघतं. खाली एमडीएफ असतं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेलं बोर्ड. गोंदाचे डाग खरवडून 180 नंबरच्या सँडपेपरनं हलका हात मारा अन् मग तेलकट प्रायमर, पाण्याचा प्रायमर लावाल तर एमडीएफचे तंतू उभे राहतात अन् दार खरखरीत होतं. कडांना प्रायमरचे दोन हात द्या, त्या जास्त पितात. वर इनॅमल पेंट, ब्रशपेक्षा छोटा फोमचा रोलर घ्या. दार परत बसवायची घाई नको, पेंट हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा असतो, तीन-चार दिवस जाऊ द्या.