शंभर मीटर आणि सहा मिनिटांची विश्रांती

प्रिय खेळाडू,

तुझी सरावाची वही वाचली. मंगळवारी दोनशे मीटरची दहा रिपिटेशन, मध्ये दोन-दोन मिनिटं. गुरुवारी पुन्हा तेच. शेवटी ओकारी झाली, हे तू जरा अभिमानानंच लिहिलंयस. आणि शंभर मीटरची वेळ मात्र वर्षभर 13.1 वर अडकलेली. मला नवल वाटलं नाही.

या सरावानं दम वाढतो, वेग नाही. पूर्ण जोरात धावताना स्नायूंमधला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा साठा काही सेकंदांतच बराचसा संपतो आणि भरायला काही मिनिटं घेतो. दोन मिनिटांत श्वास जागेवर येतो, साठा येत नाही. मग पुढची रिपिटेशन नव्वद टक्क्यांनी, त्यापुढची ऐंशीनं; आणि शरीर तो ऐंशी टक्क्यांचा वेगच घोकून पाठ करतं.

मैदानावर एक ढोबळ हिशेब चालतो: पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. साठ मीटरला सहा मिनिटं. तुला ती आळशीपणाची वाटतील. वाटू देत.

पूर्ण वेगाचे दिवस आठवड्यात दोनच ठेव, मध्ये किमान 48 तास. एका दिवशी स्टार्टिंग ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांवरून) तीस मीटर, चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी फ्लाइंग थर्टी: पंचवीसेक मीटर वेग घेत यायचं आणि पुढचे तीस जिवाच्या आकांतानं. दर वेळी वेळ लिही. त्या दिवसाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तीनेक टक्क्यांनी घसरली की स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) काढायचे, वहीत काहीही लिहिलेलं असो. मी तुझ्या वयात ‘अजून एकच’ म्हणत धावलो होतो. त्या एकात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटलं आणि सगळा हंगाम बाकावर बसून काढला. म्हणून नॉर्डिक कर्ल, हॅमस्ट्रिंग बळकट करणारे ते व्यायाम, चुकवू नकोस, कंटाळवाणे असले तरी.

शेवटच्या वीस मीटरला तू दात-ओठ खातेस, ते आधी थांबव. 2009 साली बर्लिनला उसेन बोल्टनं 9.58 ची वेळ दिली. त्यात साठ ते ऐंशी हा टप्पा 1.61 सेकंदांत, आणि शेवटचे वीस मीटर 1.66 मध्ये. म्हणजे तोही मंदावलाच होता. तिथे नव्यानं जोर मिळत नसतो, फक्त आहे तो वेग कमीत कमी गमवायचा असतो. जबडा सैल, खांदे खाली.

आणि एक. तुझे 13.1 हातातल्या स्टॉपवॉचवरचे आहेत. घड्याळ लावणाऱ्याचं बोट बंदुकीनंतर जरा उशिराच दाबलं जातं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना शंभर मीटरला 0.24 सेकंद मिळवायची रीत आहे. म्हणजे तू आज साधारण 13.34 ची धावपटू आहेस. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत बोर्डावर 13.30 दिसलं, तर रडत घरी जाऊ नकोस. आधी मला फोन कर, पेढे मी आणतो.

तुझा,
सर