एकाच आनंदी आठवणीत कायमचं राहायला मिळालं, तर तो स्वर्ग म्हणायचा का?

मला नाही वाटत. तोच क्षण परत परत चाललाय हे तुम्हाला कळत असेल, तर काही फेऱ्यांतच कंटाळा येईल आणि पुढे ती शिक्षाच वाटेल. कळत नसेल, तर प्रत्येक वेळ पहिलीच. मग अनंतकाळ मिळाला काय नि एक दुपार मिळाली काय, तुमच्या लेखी सारखंच!

हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं उदाहरण बघा. १९५३ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नव्या आठवणी साठवता येईनात. २००८मध्ये तो वारला, तोवर रोज भेटणारी नवी माणसंही त्याला अनोळखीच. स्वभावाने तो शांत होता म्हणतात, पण त्याच्या जागी जायला कोण तयार होईल?

शिवाय निकालाच्या दिवसाचा आनंद आधीच्या धाकधुकीमुळे असतो. ती धाकधूक कापून टाकली की उरतो नुसता पेढा.

आपल्याकडे तर स्वर्गही कायमचा नाही. पुण्य संपलं की मृत्युलोकात परत, असं गीतेच्या नवव्या अध्यायातच आहे. आणि तुकोबांनी मुक्ती नाकारून संतसंग मागितला, त्यासाठी पुन्हा गर्भवासात घातलं तरी चालेल म्हणाले. माझं मत त्यांच्या बाजूने.