तबकडी संपली, पद संपलं नव्हतं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तू 'स्वयंवर' या संगीत नाटकातलं 'सुजन कसा मन चोरी' हे पद म्हटलंस, तेव्हा ऑर्गनवर मीच होतो. भूप राग स्वच्छ लागला होता. पण रंग भरायला लागला आणि तू एकदम आवरतं घेतलंस. विचारलं तर म्हणालीस, "रेकॉर्डमध्ये असंच आहे." निघताना पायरीवर थांबून आणखी एक विचारलंस, की एवढ्या मोठ्यांनी गाऊन ठेवलंय, हवं तेव्हा ऐकता येतं, मग आपण ते पुन्हा का गायचं?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत फुलणारं पद तेवढ्यात बसवायचं, म्हणजे कुठेतरी कात्री लागणारच. ती कात्री गायकाच्या मनातली नव्हती गं, लाखेच्या तबकडीची होती. आपण मात्र तिलाच परंपरा समजून गिरवत बसलो. रेकॉर्ड जरूर ऐक, शंभरदा ऐक. सुराचा लगाव, शब्दाची फेक तिथेच कळते. पण पद कुठे थांबायचं, हे तिला विचारू नकोस.

दुसरं म्हणजे, तबकडीत गद्य, म्हणजे पदाआधीचे संवाद, नाहीत. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी त्यातल्या पदांना ख्यालाच्या चालींचं बळ दिलं आणि बालगंधर्व रुक्मिणी म्हणून उभे राहिले. नाटककार खाडिलकरांचे शब्द नीट बघ. सुजन, म्हणजे सज्जन, आणि तोच चोरी करतो! त्यात पुढे 'अग हा' येतं. तो उद्गार आहे, प्रेमात पडलेल्या मुलीच्या तोंडचा. मैफलीत मी कितीदा पाहिलंय, त्या 'अग'वरून तान सुटते आणि रुक्मिणी नाहीशी होते. नाटकात तसं होऊ शकत नाही, कारण आधीचं वाक्य अजून हवेत असतं. ते चालू असतानाच मी हळूच सूर धरतो, आणि बोलता बोलता तू गायला लागतेस. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हा सांधा नोटेशनमध्ये लिहिता येत नाही. मला तो माझ्या गुरुजींच्या शेजारी बसून, त्यांचा पाय भात्यावर कधी हलका होतो ते बघून आला.

आणि साक्या-दिंड्या, म्हणजे नाटकातली ती साध्या, जुन्या वृत्तांतली पदं! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' हे संगीत नाटक उभं केलं, ते कीर्तनातल्या, लावणीतल्या, लोकांच्या कानावरच्या चाली घेऊन. आज प्रयोग तीन तासांत बसवताना पहिली कात्री यांनाच लागते, कारण त्यांना टाळ्या पडत नाहीत. रात्रभर नाटक बघायला आता कोणी बसणार नाही, हे मलाही मान्य आहे. काटछाट करावी लागते. पण दिंडी म्हणता येत असून गाळणं वेगळं आणि कोणाला येतच नाही म्हणून गाळणं वेगळं. दुसरं सुरू झालंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. एकोणीस मात्रांची ती ओळ, नऊवर किंचित विसावून पुढे जाणारी, कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय तिची चाल समजत नाही.

जमलं तर गोव्यात एखाद्या देवळाच्या उत्सवाला जाऊन ये. तिथे गावातली हौशी मंडळी अजून संगीत नाटक उभं करतात. सगळेच सुरात असतात असं नाही, पण पद प्रसंगातून उगवताना दिसतं.

येत्या रविवारी सकाळी ये. वही नको, फोन नको, नाटकाची संहिता आण. आधी रुक्मिणीची वाक्यं नुसती बोल, चार-पाच वेळा. मी सूर धरून बसेन. गावंसं वाटेपर्यंत गाऊ नकोस.

तुझा,
ऑर्गनवाला काका