माचा ओव्हरनाइट ओट्स नीट कसे करायचे? माझ्या गुठळ्या होतात आणि चव गवतासारखी लागते

तुम्ही लिहिलंय की सकाळी सातला घर सोडावं लागतं, नाश्त्याला वेळ नसतो, म्हणून रात्री बरणीत ओट्स, दूध आणि एक मोठा चमचा माचा, म्हणजे ती जपानी हिरव्या चहाची बारीक पावडर, असं सगळं एकदम घालून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी बघता तर वर हिरव्या गुठळ्या, खाली पांढरे ओट्स. माझंही पहिल्यांदा सेम टू सेम असंच झालं होतं, वर सासूबाईंनी झाकण उघडून विचारलं होतं की हे टाकीतलं शेवाळ काढून ठेवलंयस का. तर घाबरू नका, चूक फक्त दोन ठिकाणी झालीये, क्रमात आणि प्रमाणात.

आधी गुठळ्यांचं बघू. आपण कढी करताना बेसन कधी थेट पातेल्यात टाकतो का? नाही ना, आधी थोड्या ताकात कालवून घेतो, गुठळ्या मोडतो आणि मग बाकीच्या ताकात ओततो. माचाचं अगदी तेच आहे. ही पावडर बेसनापेक्षाही कितीतरी बारीक असते, डब्यात नुसती बसूनसुद्धा तिचे गोळे होतात आणि गार दुधात टाकली की गोळ्याची बाहेरची बाजू ओली होऊन चिकटते, आत कोरडीच राहते. मग तुम्ही बरणी कितीही हलवा, काही उपयोग नाही, ती गुठळी सकाळी थेट दाताखाली येणार आणि कडू लागणार.

म्हणून चहाची गाळणी घ्यायची, पण कोरडी, एकदम कोरडी. एका वाटीवर धरून त्यात पाऊण टीस्पून माचा टाकायचा आणि चमच्याच्या पाठीने घासून खाली पाडायचा. मग पाणी, आणि इथे बरेच लोक उकळतं पाणी ओततात. तसं केलं की कडूपणा आणि तुरटपणा सगळा वर येतो. पाणी ७० ते ८० डिग्रीचं हवं, पण सकाळची घाई वाचवायला निघालेल्या माणसाने थर्मामीटर कुठे शोधायचा, म्हणून मी तीन चमचे उकळलेलं पाणी आणि एक चमचा माठातलं असं मिसळते, बरोबर जमतं. ते आधी थोडंसंच घालून घोटायचं, मेंदी कालवतो तशी पेस्ट झाली पाहिजे, आणि मग उरलेलं पाणी घालून पातळ करायचं. बांबूचा तो जपानी ब्रश, चासेन म्हणतात त्याला, तो असेल तर छानच पण ओट्ससाठी मुद्दाम घेऊ नका, कॉफी फेटायचं ते बॅटरीवालं छोटं यंत्र असेल तर त्याने होतं, तेही नसेल तर काटा-चमचा आहेच की.

आता गवताची चव. एक मोठा चमचा म्हणजे तुम्ही ५-६ ग्रॅम माचा घातलात एका बरणीत! जपानमध्ये नुसता प्यायचा पातळ माचा करतात तेव्हासुद्धा एका वाडग्याला साधारण २ ग्रॅम घेतात. ओट्सला दीड ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण टीस्पून, खूप झालं. आणि चिमूटभर मीठ घाला. ऐकायला विचित्र वाटतं पण आपण शिऱ्यात, खिरीत घालतो ना चवीपुरतं, तसंच, मिठाने तो कच्चा हिरवा वास मागे जातो.

पण कधीकधी दोष आपला नसतोच, डब्याचाच असतो. मी आधी कंपनीच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं जपानमधल्या नागोयाला होते, तिथून ट्रेनने जवळच निशिओ नावाचं गाव आहे, माचासाठी प्रसिद्ध. क्योटोजवळच्या उजीचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण निशिओचाही माचा खूप येतो बाजारात. तिथे ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा दगडी जातं बघितलं, आपल्या आजीच्या जात्यासारखंच दिसायला, फक्त मोटरवर, आणि इतकं हळू फिरत होतं की मला वाटलं बिघडलंय. तर नाही, मुद्दाम हळू फिरवतात कारण जोरात फिरवलं की दगड तापतो आणि वास-रंग जातो. एका जात्यातून तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पावडर निघते. म्हणजे तो एवढासा डबा म्हणजे एका जात्याचा जवळजवळ तासाभराचा धंदा. त्यात तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे झाडांवर आच्छादन घालून ऊन अडवतात, त्यामुळे पानात हिरवा रंग आणि थियानीन म्हणून एक अमिनो ॲसिड असतं ते जास्त राहतं, चहाला ती मऊ, किंचित गोडसर चव त्यानेच येते. मग पानं वाफवून, सुकवून, देठ-शिरा काढून जे उरतं ते दळायचं.

हे एवढं सांगायचं कारण असं की आपल्याकडे साधा ग्रीन टी दळून माचा म्हणून सर्रास विकतात. त्या पानांना सावलीबिवली काही नसते त्यामुळे ते गवतासारखंच लागणार, तुम्ही कितीही फेटा. ओळखायचं कसं तर रंगावरून. चांगला माचा कोवळ्या पोपटी-हिरव्या रंगाचा असतो, पिवळट किंवा खाकी दिसला तर तो जुना आहे नाहीतर मुळातच हलका. आणि डब्याच्या मागे घटक वाचा, मी एकदा घाईत ऑनलाइन मागवलेला डबा निघाला लाटे मिक्स, साखर आणि दूध पावडर आधी, माचा शेवटून दुसरा. तो महिनाभर नवऱ्याने साखरेऐवजी दुधात घालून संपवला. डब्यावर सेरेमोनियल (नुसता प्यायचा) आणि कलिनरी (पदार्थांत घालायचा) असं लिहितात त्याला काही सरकारी व्याख्या वगैरे नाहीये, विकणाराच ठरवतो, तरी ओट्ससाठी महागातला अजिबात नको, मधला घ्या, दूध-दह्यात तसाही तो नाजूक वास कळत नाही. त्यात २०२४ पासून जगभर मागणी इतकी वाढलीये की क्योटोतल्या जुन्या नावाजलेल्या दुकानांनीही एका गिऱ्हाईकाला किती द्यायचं यावर मर्यादा घातली, किमती चढल्याच आहेत, तेव्हा जपूनच वापरा. छोटा डबा घ्यायचा, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही, नाहीतर आत दमट हवेचं पाणी धरतं. पुण्यात पावसाळ्यात तर नक्कीच.

बरं आता मूळ कृती. एका माणसाला ४० ग्रॅम रोल्ड ओट्स, माझ्या आमटीच्या वाटीने साधारण अर्धी-पाऊण वाटी भरतात. पाकिटावर इन्स्टंट लिहिलेले असतील तर सकाळी खळ होते, तुकड्यांचे जाड ओट्स असतील तर रात्रभर भिजूनही कचकच राहतात, म्हणून रोल्डच. आणि मसाला ओट्सचं पाकीट तर कृपया नको, माझ्या एका मैत्रिणीने केलंय हे, माचा आणि गरम मसाला एकत्र, त्यावर नंतर कधी बोलू. कच्चे ओट्स चालतात का असं खूप जण विचारतात, तर रोल्ड ओट्स अगदी कच्चे नसतातच, चपटे करायच्या आधी वाफवलेले असतात, आपल्या पोह्यांसारखंच प्रकरण आहे, म्हणून तर नुसते भिजवून खाता येतात.

त्यात तापवून गार केलेलं, साय काढलेलं दूध १२० मिली. गाईचं बरं पडतं, म्हशीच्या दुधाने फार जड होतं असं माझं मत. दोन चमचे घट्ट दही. पण दही ताजं, गोडसर हवं. आंबट दही घातलंत तर चव सोडाच, रंगही मळतो, ताकातल्या पालकाची भाजी शिजल्यावर कशी मळकट हिरवी होते तसा, कारण तोच, आंबटाने हिरवा रंग टिकत नाही. मग एक चमचा चिया. चिया नसेल तर सब्जा, दोन्ही वेगळी बियाणी आहेत पण इथे काम एकच, पाणी धरून सगळं दाट करायचं. सब्जा मात्र आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात फुगवून घ्या. मला तर सब्जाच आवडतो, फालुद्याची आठवण येते. गोडीला एक-दोन चमचे मध किंवा किसलेला गूळ. गुळाने रंग थोडा मातकट होतो हे खरं, पण चवीला माचा आणि गूळ फार छान जमतात, तिकडेही माचाच्या गोड पदार्थांवर काळ्या गुळाचा पाक घालतातच.

हे सगळं बरणीत ढवळायचं, मग त्यावर ते माचाचं पाणी ओतायचं आणि पुन्हा तळापासून ढवळायचं. जॅमची रिकामी बरणी उत्तम. काठापर्यंत भरू नका, ओट्स फुगतात. पाच मिनिटांनी अजून एकदा ढवळा, हे विसरू नका, कारण चिया खाली बसून एकमेकांना चिकटतो. आणि फ्रिजमध्ये. ओट्यावर ठेवून झोपायचं नाही, दूध आहे ते, मे महिन्यात सकाळपर्यंत काय होईल सांगायला नको. पाच-सहा तासांत तयार होतं. सकाळी फार घट्ट वाटलं तर थोडं दूध घाला.

आता माझी मोठी चूक ऐका. रविवारी रात्री उत्साहात पाच बरण्या भरल्या, आठवड्याची सोय. सोमवार मस्त, मंगळवार ठीक, बुधवारी रंग उतरलेला, गुरुवारी ओट्सचा नुसता लगदा आणि वास असा की हिंजवडीच्या बसमध्ये झाकण उघडलं आणि शेजारच्या मुलीने खिडकी उघडली. शुक्रवारची बरणी मी न उघडताच रिकामी केली. तेव्हापासून नियम असा की एका वेळी दोनच बरण्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या बरणीत माचा रात्री घालायचाच नाही. पांढरे ओट्स नुसते भिजवून ठेवायचे आणि सकाळी चहा उकळतोय तेवढ्यात माचा कालवून वर ओतायचा, दोन मिनिटं लागतात, रंगही ताजा राहतो. खरं सांगू का, चवीला मला हीच पद्धत जास्त आवडते, पण तुम्हाला सातला निघायचंय तर पहिल्या दिवशीचा रात्रीच घाला.

फळं आणि सुकामेवा मात्र नेहमी सकाळी. रात्री केळं घातलं की काळं पडतं, बदाम मऊ पडतात. माचाबरोबर आंबा म्हणजे कमाल, हापूसच्या दिवसांत मी मध घालतच नाही, फोडीच पुरतात. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. चिकू करून बघितला, नाही जमला, दोघांची भांडणं झाली. ओलं खोबरं मात्र भुरभुरवून बघा एकदा.

तब्येतीचं थोडक्यात. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो चिकटपणा त्याचाच, आणि कोलेस्टेरॉल कमी करायला त्याची मदत होते हे नीट अभ्यासलेलं आहे, दिवसाला ३ ग्रॅम लागतो, या एका बरणीत त्यातला निम्मा-अर्धाच येतो. माचाने वजन उतरतं वगैरे रील्समध्ये सांगतात ते सोडून द्या. त्यात कॅफीन असतं हे लक्षात ठेवा, आपण पूर्ण पान खातो ना, म्हणून या बरणीवर पुन्हा दोन कप चहा ढोसलात तर धडधडेल, आणि लहान मुलांच्या बरणीत माचा नकोच. अजून एक, हिमोग्लोबिन कमी असेल आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती याच्याबरोबर घेऊ नका, चहातल्या घटकांनी लोह नीट शोषलं जात नाही. मला डॉक्टरांनी दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं.

आणि घरी कोणी म्हणालं की हे काय इन्स्टाग्रामचं खूळ, तर त्यांना सांगा की भिजवलेले ओट्स १९०० च्या आसपास झुरिकच्या डॉ. बिर्खर-बेनर यांनी आपल्या पेशंट्सना द्यायला सुरुवात केली होती, त्यात सफरचंद किसून, लिंबू पिळून. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमचे दूध-गूळ-पोहे कोणत्या डॉक्टरने काढले होते? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जाता जाता, माचा म्हणताना च चहातला, चमच्यातला नाही. मूळ शब्द माच्चा, त्यातला च्चा म्हणजे चहाच. आणि तुमचा तो गवती डबा फेकू नका, नानकटाईच्या पिठात एक चमचा घाला, तुपा-साखरेत सगळं खपून जातं.