वाचकांचे प्रश्न: चौथीतल्या पोरीला वाचता येत नाही

प्रश्न: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाच वर्ग न दोनच सर, त्यातले एक सारखे ऑनलाइन माहिती भरत बसतात. माही पोरगी चौथीत आहे, जोडाक्षर आलं की थांबते. दिवाळीच्या टायमाले कापूस वेचाले नेतो आम्ही तिले, शाळा बुडते. कॉन्व्हेंटात टाकू का? (एक आई, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: ताई, घाई करू नका, कॉन्व्हेंटची फी न ऑटोचा खर्च दरसाल वाढतो आणि तिथं इंग्रजीत अडखळली तर घरी सांगणारं कोणी नाही. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत, म्हणजे पट तेवढाच असला तर तिसरे सर मिळणं कठीण, पण सरांना वर्ग सोडून कागदं भरावी लागतात हे मात्र चुकीचंच आहे. हे शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, तिच्यात 75 टक्के पालक न निम्म्या बाया असायलाच पाहिजेत. सरांना म्हणा, वर्गाप्रमाणे नाही तर वाचता येतं तसे गट करा, रोज तासभर. घरी बियाण्याच्या पाकिटावरचं, रेशन कार्डावरचं मोठ्यानं वाचून घ्या, 'प्रमाण' अडलं तर 'प्र' एकटाच पाच शब्दांत शोधायला लावा. आणि वेचणीत सुट्टीच्या दिवशीच न्या, ही गोष्ट तेवढी ऐकाच.