पॅरिसच्या 'अँव्हालिद'मध्ये नेपोलियनच्या समाधीशिवाय बघण्यासारखं काय आहे?

तुमचा प्रश्न असा की पॅरिसच्या सगळ्या फोटोंत तो सोनेरी घुमट दिसतो, टूरवाले "नेपोलियनची समाधी" म्हणून वीस मिनिटांत उरकतात, तर ते नक्की आहे तरी काय, चर्च की म्युझियम की समाधी, आणि त्यासाठी अर्धा दिवस काढावा का. काढा, पण नेपोलियनसाठी नको. नेपोलियन तिथे फार उशिरा आलेला भाडेकरू आहे. मूळ घर जखमी आणि म्हाताऱ्या शिपायांसाठी बांधलेलं आहे, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की आजही त्याच्या एका भागात तेच काम चालतं. मी आर्किटेक्चरवाला, शिकायला काही काळ पॅरिसात होतो, त्यामुळे उत्तर जरा इमारतीकडे झुकेल, चालवून घ्या.

तर सतराव्या शतकात फ्रान्सचं सैन्य भराभर वाढत गेलं, आणि लढाई संपली की हात-पाय गेलेल्या शिपायाचं करायचं काय याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. काहींना मठांत पाठवायचे, राजा मठाला सांगणार की याला पोसा, पण मठवाल्यांना हा शिव्या देणारा, दारू पिणारा गडी नको असायचा आणि गड्याला ती घंटा आणि प्रार्थना नको असायची, त्यामुळे तो तिथून सटकायचा आणि भीक नाहीतर चोऱ्या. चौदाव्या लुईने १६७० मध्ये हुकूम काढला की यांच्यासाठी स्वतंत्र वास्तू बांधायची. मागे डोकं होतं त्याच्या युद्धमंत्र्याचं, लूव्वाचं. आता यात दया किती आणि हिशेब किती हे ज्याने त्याने ठरवावं, पण मला हिशेब जास्त वाटतो, कारण चौकाचौकात लंगडा शिपाई हात पसरून बसलेला दिसला तर नवीन पोरगा भरतीला कशाला येईल? आणि पैसाही युद्धाच्या खर्चातूनच थोडी थोडी कात्री लावून उभा केला.

जागा निवडली ती तेव्हाच्या पॅरिसच्या बाहेर, ग्रनेलच्या माळावर. आर्किटेक्ट लिबेराल ब्र्युआँ. काम १६७१ ला सुरू झालं आणि पहिले शिपाई ऑक्टोबर १६७४ मध्ये राहायलासुद्धा आले, म्हणजे इकडे रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक होऊन चारच महिने झाले होते (दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला परदेशातल्या तारखा अशाच लक्षात राहतात). तीनेक वर्षांत एवढं मोठं बांधकाम राहण्याजोगं करणं म्हणजे त्या काळात खायचं काम नव्हतं.

ब्र्युआँचा प्लॅन मला घुमटापेक्षा जास्त आवडतो, यावर मित्रांशी भांडणंही झालीत. त्याने स्पेनमधल्या एस्कोरियल या राजवाडा-मठासारखी चौकांची जाळी टाकली, लहानमोठे मिळून १५ चौक, मध्ये सगळ्यात मोठा मानाचा चौक, आणि चारी बाजूंनी दुमजली कमानी. सजावट जवळजवळ नाहीच. नदीकडचा दर्शनी भाग १९६ मीटर लांब, नुसत्या खिडक्यांच्या ओळी, आणि मधोमध दरवाज्यावर मोठी कमान व त्यात घोड्यावर बसलेला लुई. त्याच्या खाली लॅटिनमध्ये कोरलंय की राजाने आपल्या शिपायांसाठी हे बांधलं, १६७५. लुईचं ते शिल्प क्रांतीत फोडलं होतं, आत्ता दिसतं ते नंतर परत केलेलं.

आता चौकात गेलात की लगेच घुमटाकडे पळू नका. मान वर करून छपराच्या कडेच्या खिडक्या बघा. प्रत्येक खिडकी दगडी चिलखताच्या आत बसवलीय, म्हणजे वर शिरस्त्राण, बाजूला ढाली, भाले, झेंडे, आणि छातीच्या जागी काच. माणूस नसलेली चिलखतं ओळीने उभी आहेत असं वाटतं, आणि एकसारख्या दोन सापडणं अवघड. त्यातली एक शोधायची गंमत आहे, तिथे गोल खिडकीला एक लांडगा पंज्यांत धरून खाली चौकात बघतोय, ती लूव्वाच्या नावावरची कोटी असल्याचं सांगतात (फ्रेंचमध्ये 'लू व्वा' म्हणजे 'लांडगा बघतोय'). राजाच्या इमारतीत मंत्र्याने आपली सही अशी लपवून करायची, धाडस आहे.

राहणाऱ्यांचं आयुष्य अर्धं बराकीतलं, अर्धं मठातलं. जेवायला मोठमोठी दालनं, भिंतींवर लुईच्या लढायांची चित्रं, म्हणजे ज्या लढाईत पाय गेला तीच बघत बघत सूप प्यायचं. ज्यांचे हात चालत होते त्यांना कामाला लावायचे, बूट, मोजे, गणवेश शिवणं, आणि काहीजण तर हस्तलिखितांवर नक्षीकाम करायचे. सतराव्या शतकाच्या शेवटी चारेक हजार माणसं राहत होती, म्हणजे एक गावच. दवाखाना नन्स चालवायच्या. या दवाखान्यात १७६६ पासून पारमाँतिए नावाचा एक फार्मासिस्ट होता. हा आधी प्रशियाच्या कैदेत असताना बटाट्यावर जगला होता, आणि नंतर त्याने फ्रेंच लोकांना बटाटा खायला लावला, तोपर्यंत ते बटाटा म्हणजे जनावरांचं खाणं समजत होते. नन्सना तो त्यांच्या औषधखोलीत नको होता, त्यांनी एवढी तक्रार केली की शेवटी त्याचं काम काढून घेतलं पण पगार आणि खोली तशीच ठेवली! सरकारी नोकरीत याहून भारी काय मिळणार, बसून त्याने बटाट्यावर संशोधन केलं.

आता घुमट. त्याची गोष्ट वेगळी आहे. राजाला आणि शिपायांना प्रार्थना एकाच वेळी करायची होती, पण राजा शिपायांच्या दारातून कसा येणार? चर्चचं घोडं ब्र्युआँकडे अडलं, मग १६७६ मध्ये लूव्वाने काम ज्यूल आर्दुआँ-माँसारला दिलं, तो तेव्हा फक्त ३० वर्षांचा. त्याने युक्ती केली ती अशी की चर्च एकच पण दोन भागांचं, उत्तरेकडून चौकातून शिपाई येणार, दक्षिणेकडून राजा येणार, आणि मध्ये वेदी. शिपायांचा भाग लांबट, साधा आणि १६७९ पर्यंत पूर्ण. राजाचा भाग म्हणजे हा घुमट, तो पूर्ण व्हायला १७०६ उजाडलं. तोपर्यंत लूव्वाही गेला होता आणि ब्र्युआँही. घुमटाची कल्पना माँसारने पूर्ण स्वतःची केली असंही नाही, त्याचे चुलत आजोबा फ्रांस्वा माँसार यांनी राजघराण्याच्या समाधीसाठी काढलेली आणि कधीच न बांधलेली ड्रॉइंग्ज घरातच होती, त्यांची छाप दिसते.

इथे आत गेल्यावर एक गोष्ट नीट बघा, माझ्या मते हीच तिकिटाची खरी किंमत. सगळे खाली कठड्यावरून समाधीकडे वाकलेले असतात, तुम्ही वर बघा. जो घुमट आतून दिसतो त्याच्या मध्यभागी मोठं गोल भोक ठेवलंय, आणि त्या भोकातून वर दुसरा घुमट दिसतो, त्यावर चित्र रंगवलंय, संत लुई आपली तलवार ख्रिस्ताला देतोय, चित्रकार शार्ल द ला फॉस. ते चित्र उजळलेलं दिसतं पण उजेड कुठून येतो ते काही केल्या कळत नाही, कारण त्या दुसऱ्या घुमटाच्या खिडक्या पहिल्याच्या मागे लपवल्यात, खाली उभं राहून त्या दिसूच शकत नाहीत. आणि या दोन्हींच्या वर तिसरा, बाहेरचा, तो लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे ठोकून केलाय आणि त्यावर सोन्याचा मुलामा. म्हणजे बाहेरून जो सोनेरी घुमट दिसतो तो आतून कधीच दिसत नाही, आणि आतून दिसतो तो बाहेरून नाही. टोकापर्यंत उंची १०७ मीटर. मुलामा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, १९८९ मध्ये क्रांतीला २०० वर्षं झाली तेव्हा साधारण १२ किलो सोनं लागलं होतं, एवढ्या मोठ्या घुमटाला फक्त १२ किलो, इतका पातळ वर्ख.

क्रांतीवरून आठवलं, बास्तीयचा किल्ला पडल्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण त्या दिवशीची सकाळ कोणी सांगत नाही. १४ जुलै १७८९ च्या सकाळी लोक आधी इथे घुसले, कारण इथल्या तळघरात तीसेक हजार बंदुका होत्या. धोका ओळखून त्या निकामी करायचं काम आदल्या दिवशी इथल्याच म्हाताऱ्या शिपायांना दिलं होतं, आणि त्यांनी ते इतक्या निवांतपणे केलं की हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच निकामी झाल्या. त्यांची सहानुभूती कुठे होती ते समजून घ्या. बंदुका तर मिळाल्या पण दारूगोळा नव्हता, तो बास्तीयमध्ये, म्हणून मोर्चा तिकडे वळला. आणि बास्तीयच्या तटावर पहाऱ्याला कोण होतं? ८२ अँव्हालिद, म्हणजे असेच निवृत्त शिपाई, आणि मदतीला थोडे स्विस सैनिक. दोन्हीकडे एकाच भट्टीतले म्हातारे!

नेपोलियनचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बाकी उत्तरं खंडीभर मिळतील. जिवंतपणी त्याने या जागेला मान दिला, सेनापती तुरेनची समाधी इथे आणली, किल्ले बांधणाऱ्या व्होबाँचं हृदय आणलं, आणि १८०४ मध्ये 'लेजिओं दनर' या फ्रान्सच्या मोठ्या सन्मानाची पहिली पदकं इथेच वाटली. १८१४ मध्ये शत्रू पॅरिसच्या दारात आल्यावर इथला गव्हर्नर मार्शल सेरुरिये याने जिंकलेले हजारावर झेंडे मानाच्या चौकात जाळून टाकले, परत द्यायला नको म्हणून. नेपोलियनचा देह सेंट हेलेनाहून आला तो १५ डिसेंबर १८४० ला, आणि समाधी व्हायला १८६१. आर्किटेक्ट विस्कॉन्ती तोपर्यंत हयात नव्हता. त्याने घुमटाखालची फरशी फोडून सुमारे ६ मीटर खोल गोल खड्डा केला, एकात एक सहा पेट्या आणि वर तांबड्या दगडाची ती मोठी पेटी. रोमन सम्राटांसारखा दगड हवा होता, तो शोधत शोधत सापडला रशियात, करेलियामध्ये, म्हणजे ज्या देशाने याची वाट लावली तिथलाच दगड उरावर. भव्य आहे यात वाद नाही, पण माँसारची जमीन फोडून केलेलं काम आहे, आणि मला ते अजून खटकतं. आसपास त्याचे दोन भाऊ आहेत, आणि पहिल्या महायुद्धातला मार्शल फॉशही, त्याची शवपेटी ब्राँझचे शिपाई खांद्यावर घेऊन निघालेत, ते शिल्प समाधीपेक्षा जास्त बोलतं.

लष्करी म्युझियम १९०५ पासून आहे आणि अवाढव्य आहे, सगळं बघायला गेलात तर पाय मोडतील. दोन गोष्टी चुकवू नका. एक, वॉटर्लूच्या लढाईतलं फोवो नावाच्या तरुण घोडेस्वाराचं पितळी छातीकवच, तोफेचा गोळा पुढून आत आणि मागून बाहेर, भोकातून पलीकडचं दिसतं, त्या भोकाच्या कडा आत मुडपलेल्या आहेत त्या जवळून बघा आणि मग वरच्या मजल्यावरच्या विजयाच्या तसबिरी बघा. दुसरं, किल्ल्यांची मॉडेल्स, बहुतेक १:६०० स्केलवर, लूव्वाच्याच डोक्यातून निघालेली, आपल्याकडे किल्ल्यांवर फिरणाऱ्या माणसाला तिथून उठवावं लागतं. टूरवाले तिथे कधीच नेत नाहीत.

आणि ती मूळ गोष्ट, शिपायांचं घर, ती संपलेली नाही. मागच्या भागात आजही हॉस्पिटल आहे, युद्धात जखमी झालेले काही जण कायमचे राहतात, दहशतवादी हल्ल्यात सापडलेल्यांवरही उपचार होतात. तो भाग पर्यटकांना बंद असतो आणि असायलाच पाहिजे. राष्ट्रीय श्रद्धांजलीही मानाच्या चौकातच होते, नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यानंतरची इथेच झाली. पुढच्या मैदानावर २०२४ च्या ऑलिम्पिकची तिरंदाजी झाली, टीव्हीवर मागे घुमट दिसत होता ना, तेच हे. त्यात आपल्या साताऱ्याचा प्रवीण जाधवही होता, तोही लष्करातलाच.

जायचं कसं तर नदीच्या पलीकडून तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावरून चालत या. पूल १९०० चा, मुद्दाम याच अक्षावर बांधलेला, त्यामुळे मैदानाचा अर्धा किलोमीटर चालताना इमारत हळूहळू मोठी होत जाते. मानाचा चौक बघायला तिकीट लागत नाही, घुमट आणि म्युझियम एकाच तिकिटात होतं. वेळ अगदीच कमी असेल तर म्युझियम सोडा, चौक आणि घुमट दीड तासात आरामात होतात. मुलं बरोबर असतील तर नेपोलियनचा पेंढा भरलेला पांढरा घोडा 'व्हिझिर' कुठे ठेवलाय ते आत विचारून घ्या, मांडीवर डागलेला 'एन' आणि मुकुट अजून दिसतो.